लहान मुलांना रविवारी कुठे न्यावं?

प्रश्न : ताई, आम्ही दादरला राहतो. मुलं चार आणि सात वर्षांची. मॉलचा कंटाळा आलाय. जवळपास झाडंझुडपं कुठे दाखवता येतील?

उत्तर : अगदी जवळ, धारावीला, मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सायनला उतरून टॅक्सी करा. सदतीस एकरांची ही जागा पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होती, हे मोठ्याला आवर्जून सांगा. उद्यान १९९४ साली खुलं झालं.

मी नातीला घेऊन पावसाळा सरल्यावर गेले होते. रुईच्या पानामागे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट पान कुरतडत होता. पोर उकिडवी बसली ती पंधरा मिनिटं हलेना. तिला तिथून ओढू नये असं मला मनापासून वाटलं, म्हणून मीही तिच्याशेजारी बसले. पाटी वाचून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं. फक्त रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, पान तोडू देऊ नका. पुढे याच सुरवंटाचं नारिंगी फुलपाखरू होतं.

सकाळी ऊन जरा तापलं की फुलपाखरं उडू लागतात, तेव्हा पोचा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास चावतात. धाकट्यासाठी पाणी आणि तूप-साखरेची पोळी न्या, नाहीतर तासाभरात तो कडेवर येईल.