अंधारातल्या कोळंबीचे रक्षण

प्रश्न : अमेरिकेतील केंटकी राज्यात, मॅमथ गुहेच्या परिसरातील भूमिगत प्रवाहांत राहणाऱ्या आंधळ्या कोळंबीला कायद्याचे संरक्षण आहे, असे वाचनात आले. जिथे माणूस सहसा पोहोचतच नाही, तिथल्या प्राण्याला पकडण्यास बंदी घालून काय साधते? – एक वाचक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु पकडण्यावरील बंदी हा या संरक्षणाचा लहानसा भाग आहे, खरे काम गुहेच्या वर, जमिनीवर चालते.

जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची ही कोळंबी रंगहीन आणि जवळजवळ पारदर्शक असते. वरून वाहत आलेल्या सेंद्रिय कणांवर आणि गाळातील सूक्ष्मजीवांवर ती जगते. तिचे अन्न ज्या वाटेने येते, त्याच वाटेने विषही येते. चुनखडीच्या प्रदेशात पाणी मातीतून सावकाश झिरपण्याऐवजी भेगांतून आणि जमीन खचून झालेल्या खड्ड्यांतून थेट खाली उतरत असल्याने, शेतातले कीटकनाशक किंवा वस्तीचे सांडपाणी फारसे न गाळताच तिच्यापर्यंत पोहोचू शकते.

संकटग्रस्त प्रजातींविषयीच्या १९७३ च्या कायद्याखाली १९८३ मध्ये तिची नोंद झाली आणि गुहेतील ‘रोअरिंग रिव्हर’ हा प्रवाहमार्ग तिचा अत्यावश्यक अधिवास ठरला. त्या कायद्याचे सातवे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. संघराज्य सरकारच्या कोणत्याही खात्याला एखादे काम करण्यापूर्वी, त्यासाठी पैसा किंवा परवाना देण्यापूर्वी, त्या कामाने प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही ना, याची वन्यजीव खात्याशी विचारविनिमय करून खात्री करावी लागते. मात्र खासगी जमिनीवर असा पैसा वा परवाना नसेल, तर हे कलम लागू होत नाही. प्रजातीला इजा करण्यास तिथेही मनाई आहे, पण अंधारात मेलेली कोळंबी कोणाच्या शेतातील औषधाने मेली, हे सिद्ध करणे फार कठीण आहे.

म्हणूनच वरच्या खड्ड्यांत निरुपद्रवी रंग सोडून तो कोणत्या झऱ्यातून बाहेर पडतो, हे पाहण्याच्या पद्धतीला इतके महत्त्व आहे. तिच्यामुळे कोणत्या जमिनीचे पाणी कोणत्या प्रवाहात उतरते, याचा नकाशा हाती येतो. अधिवासाच्या दृष्टीने आणखी एक काम झाले : गुहेतील प्रवाह ज्या ग्रीन नदीला मिळतात, तिच्यावरील सहाव्या क्रमांकाच्या जुन्या धरणामुळे पाणी गुहेत तुंबून गाळ साचत असे. ते धरण २०१७ मध्ये हटवण्यात आले.