आप्पांचे चार रिमोट आणि भिशीचे एक लाख

बेळगावातल्या अनगोळहून एका वाचकाचं पत्र आलंय. उद्यमबागेतल्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. पगार हातात ५२,००० येतो, पत्नी घरी शिवणकाम करून महिन्याला आठेक हजार मिळवतात. मुलगी आठवीत आहे. वडिलांना घरात आप्पा म्हणतात, वय ७३. आई ६८ वर्षांची. ते लिहितात: "कोल्हापूरच्या एका इन्स्टॉलरने आमच्या हॉलचं कोटेशन दिलंय. स्मार्ट होम हब (सगळी यंत्रं एकत्र चालवणारी डबी), तीन व्हॉइस स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, बारा स्मार्ट स्विच आणि मोटरचे पडदे, सगळं मिळून १,३८,०००. एक शब्द बोललं की टीव्ही, साउंड, लाइट सगळं लागतं. आप्पांना चार रिमोट जमत नाहीत, रोज चिडचिड होते. या महिन्यात माझी भिशी लागलीय, एक लाख मिळतील. वरचे ३८,००० क्रेडिट कार्डवर नो-कॉस्ट ईएमआयने भरीन म्हणतो. गणपतीच्या आधी बसवायचंय. घेऊ का?"

माझं उत्तर आधीच सांगतो. हे कोटेशन घेऊ नका. पण आप्पांची अडचण मात्र याच आठवड्यात सोडवा. त्याला दहा हजारसुद्धा लागणार नाहीत.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच बिलात बसल्या आहेत. एक आप्पांचा त्रास. तो खरा आहे आणि पैसे खर्च करण्याजोगा आहे. दुसरी तुमची हौस. हौस वाईट नाही, दिवसभर भट्टीच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला घरी आल्यावर चांगला हॉल हवासा वाटणारच. फक्त तिचा खर्च आप्पांच्या नावावर टाकू नका, म्हणजे हिशेब स्वच्छ दिसेल.

आता भिशी. तुम्ही लिहिलंय की वीस जणांची भिशी आहे, महिन्याला ५,००० आणि हा आठवा महिना. म्हणजे तुमचे भरून झाले ४०,००० आणि हातात येणार १,००,०००. मधले ६०,००० कुणाचे? अजून ज्यांची भिशी लागायची आहे त्यांचे. ते तुम्हाला पुढच्या बारा महिन्यांत फेडायचेच आहेत. भिशी लागली की घरात सण असल्यासारखं वाटतं, ते मी माझ्याही घरात पाहिलंय, पण लवकर लागलेली भिशी हे बिनव्याजी कर्ज असतं. सोसायटीच्या कर्जाला तुम्ही दहादा विचार केला असता. इथे ओळखीच्या लोकांचा पैसा आहे, म्हणून जास्त विचार करायला हवा. एक हप्ता चुकला तर गल्लीत मान खाली जाते.

नो-कॉस्ट ईएमआय हे नावच फसवं आहे. बँक व्याज लावतेच, विकणारा तेवढी सूट दिल्यासारखं दाखवतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याच कार्डावर पडतो. ३८,००० बारा महिन्यांत आणि व्याज १५ टक्के धरलं, तर हा जीएसटी सव्वापाचशेच्या आसपास होतो. वर प्रोसेसिंग फी. रक्कम मोठी नाही, पण रोख दिल्यावर जी सूट मागता आली असती ती गेली, हे मोठं.

महिन्याचं गणित मांडू. घराचा हप्ता १४,२००, घरखर्च २६,०००, मुलीचे क्लास ४,०००, आई-आप्पांची औषधं २,५००. हे ४६,७०० टळत नाहीत. त्यात भिशी ५,००० आणि नवा हप्ता जवळपास ३,२००. साठ हजारांतून उरतात पाच हजार, तेही शिलाईचं काम बारमाही सारखं येतं असं धरून. श्रावणापासून दिवाळीपर्यंत आणि लग्नसराईत ते काम भरपूर असतं, पण जून-जुलैत बेळगावच्या पावसात ब्लाउज शिवायला कोण येतं, हे तुमच्या पत्नीलाच विचारा.

एक गोष्ट त्या इन्स्टॉलरने तुम्हाला सांगितलेली नसणार, कारण तो महाराष्ट्रातला आहे: कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना. २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवून जो आकडा येतो, तेवढी वीज फुकट. त्यावर गेलात पण २०० युनिटच्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल तुमचं. तुमची मागची तीन बिलं १८६, १९१ आणि १८८ युनिटची आहेत. म्हणजे तुम्ही काठावर उभे आहात. हब, तीन स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि बारा वायफाय स्विच, ही सगळी उपकरणं हाक ऐकण्यासाठी चोवीस तास जागी असतात. सगळी मिळून वीस वॅट धरा. वीस वॅट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. १८८ मध्ये मिळवा, झाले २०२. आज हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, चार-दोन युनिटचे पैसे देताय, तिथे स्थिर आकार आणि कर धरून बिल दीड हजारांच्या पुढे जाईल. वापरात नसताना! उन्हाळ्यात एसी लावला तर तसेही २०० पार होतील, पण बाकीचे सात-आठ महिने तरी कशाला घालवायचे?

बरं, आप्पांचं काय? चार रिमोट कुठले, हे तुम्ही लिहिलंय ते बरं केलंत: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि नेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक. पहिलं काम फुकट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय असते. सॅमसंगमध्ये तिला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. साउंडबारची केबल टीव्हीच्या ज्या सॉकेटवर एआरसी लिहिलंय त्यात घाला आणि ती सोय चालू करा. टीव्ही लावला की साउंडबार आपोआप लागेल, आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होईल. बहुतेकदा स्टिकही त्याच रिमोटचं ऐकते. चारातले दोन रिमोट तिथेच कपाटात गेले.

सेट-टॉप बॉक्स मात्र बहुधा ऐकणार नाही. त्यासाठी आयआर ब्लास्टर नावाची लाडवाएवढी डबी मिळते, दीड-दोन हजारांत. रिमोट जो अदृश्य प्रकाश सोडतो तोच ही सोडते आणि वायफायवरून तिला हुकूम देता येतो. हबच्या सगळ्या थाटामाटात टीव्ही-बॉक्स चालवण्याचं खरं काम हीच डबी करते. तिच्या मर्यादा माहीत असू द्या. तिचा प्रकाश लाकडी दारातून जात नाही, म्हणून शोकेसमध्ये ठेवू नका, समोर ठेवा. आणि ती एकतर्फी बोलते. बॉक्स चालू आहे की बंद, हे तिला कळत नाही, त्यामुळे कधीकधी 'लाव' म्हटल्यावर बंद होतो. जोडीला एकच व्हॉइस स्पीकर, चार-पाच हजारांचा. अ‍ॅमेझॉनच्या स्पीकरमधल्या अलेक्साला हिंदी २०१९ पासून समजतं. पण घेण्याआधी आप्पांना दुकानात न्या आणि त्यांच्याच तोंडून "समाचार लगाओ" म्हणवून बघा. आयुष्यभर मराठी आणि बाजारापुरतं कन्नड बोललेल्या माणसाला भिंतीशी हिंदीत बोलणं आवडेलच असं नाही. नाही आवडलं तर स्पीकर घेऊच नका. पाच-सहाशे रुपयांत मोठ्या बटणांचा लर्निंग रिमोट मिळतो, दोन्ही रिमोटची हवी तेवढीच बटणं त्याला शिकवायची. बोटांना सवय झाली की झालं.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय? तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी एका जाणकाराने असंच सगळं बसवून दिलं. पावसात नेट गेलं की टीव्ही लागेना. माझ्या आईने दोन-चार वेळा मला हाक मारली, मग हाक मारणंच सोडलं. संध्याकाळचं कीर्तन ऐकायची तिची सवय सुटली, आणि ते माझ्या लक्षात यायला महिना गेला. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, गप्प बसतात. म्हणून काहीही बसवलं तरी जुना रिमोट आप्पांच्या उशाशी राहू द्या आणि नेट नसताना टीव्ही लागतो का, हे स्वतः तपासा.

या यंत्रांच्या आयुष्याबद्दलही बोलायला हवं. हब म्हणजे नुसती डबी नसते, तिच्यामागे कुठल्यातरी कंपनीचा सर्व्हर असतो. रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब कंपनीने मे २०१६ मध्ये बंद केला आणि घराघरांतल्या डब्या निकामी झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर न सांगता बंद पडले. लॉजिटेकने हार्मनी हे नावाजलेले रिमोट बनवणं २०२१ मध्ये थांबवलं. तुमच्या कोटेशनमध्ये दुसऱ्या वर्षापासून ९,००० रुपये देखभालीचे आहेत. पाच वर्षांत १,३८,००० अधिक ३६,०००, म्हणजे १,७४,०००. महिन्याला २,९००, आणि शेवटी विकायला गेलात तर हातात काही येणार नाही. दुरुस्तीचा माणूस शंभरावर किलोमीटरवरून येणार. शिवाय सगळ्या खात्यांचा पासवर्ड त्याच्या ईमेलवर राहिला, तर तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात. छोटं काहीही घेतलंत तरी खातं स्वतःच्या नावाने उघडा.

डबी, स्पीकर, ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद होणारा एक स्मार्ट प्लग आणि एक चांगला सर्ज प्रोटेक्टर, सगळं नऊ हजारांच्या आसपास बसेल. सर्ज प्रोटेक्टरला कंजुषी नको, मृगाच्या विजा तुम्हाला माहीत आहेत. आणि त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, त्याशिवाय तो नीट काम करत नाही. स्मार्ट प्लग सेट-टॉप बॉक्सला लावा, रात्री अकरा ते सकाळी सहा बंद. बॉक्स नुसता स्टँडबायवरही दहाएक वॅट खातो, महिन्याला दोन युनिट वाचतील. काठावरच्या माणसाला दोन युनिटही कमी नसतात. सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून आप्पा उठायच्या आधीची वेळ लावा.

भिशीतले उरलेले ९१,००० बँकेत मुदत ठेवीत टाका, हवी तेव्हा मोडता येईल अशा. तुमचा टळू न शकणारा खर्च सहा महिन्यांचा २,८०,००० होतो. बचत खात्यात ७०,००० आहेत, सौहार्द सहकारी सोसायटीत एक लाख. हे मिळून २,६१,००० होतील, म्हणजे थोडंच कमी. सौहार्दची ठेव मुदत संपली की बँकेत आणा. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा; सौहार्द सोसायट्या आणि पतसंस्थांना तो लागू नाही. दर अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. आई-आप्पांच्या आरोग्य विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. नसेल तर चौकशी करा; २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय. या वयात हप्ता जड असतो आणि जुन्या आजारांना थांबावं लागतं, तरीही दर मागवून बघा.

इन्स्टॉलरने २०,००० आगाऊ मागितलेत म्हणता. देऊ नका. त्याला सांगा, यंदा नाही. पुढे कधी घराचं रंगकाम काढाल तेव्हा वायरमनला सांगून हॉलच्या प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल वायर ओढून ठेवा. जुन्या घरांत नुसत्या स्विचच्या बोर्डात ती बऱ्याचदा नसते आणि बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागतेच. भिंत फोडलेली असताना हे काम स्वस्तात होतं. तोवर भिशीचे बारा हप्ते फिटलेले असतील. मग पुन्हा लिहा, हॉलच्या हौसेचा हिशेब तेव्हा आनंदाने मांडू.