१६ जीबी रॅमच्या सर्व्हरवर मायएसक्यूएलचा बफर पूल किती ठेवावा, २५ टक्के की ८० टक्के?

तुमचा प्रश्न असा: डेटाबेस मायएसक्यूएल ८, रॅम १६ जीबी, डेटा साधारण २२ जीबी आणि त्याच मशीनवर जावाचं बिलिंग ॲप्लिकेशन. कुणी म्हणतं बफर पूल (डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवायला डेटाबेस रॅममध्ये धरतो ती जागा) रॅमच्या २५ टक्के ठेवा, कुणी म्हणतं ८०. तुम्ही १४ जीबी दिला आणि दोन दिवसांनी रात्री मायएसक्यूएल आपोआप बंद पडलं.

आज आधी ८ जीबीवर आणा. कारण सांगतो.

२५ आणि ८० हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या घरचे आहेत. २५ टक्के हा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या शेअर्ड बफर्सचा, म्हणजे त्याच्याकडच्या अशाच जागेचा आकडा. पोस्टग्रेस स्वतःच्या बफरइतकीच लिनक्सच्या फाइल कॅशवरही (वाचलेल्या फाइल्स ऑपरेटिंग सिस्टीम रॅममध्ये ठेवते, त्यावर) भिस्त ठेवतं, म्हणून उरलेली रॅम मुद्दाम लिनक्सकडे सोडायची असते. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन (डेटा साठवणारा भाग) डेटाची पानं, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, स्वतःच्या बफर पूलमध्येच सांभाळतं, म्हणून तिथे वाटा मोठा. पण ८० टक्के ही वरची मर्यादा आहे, आणि तीसुद्धा ज्या मशीनवर डेटाबेसशिवाय दुसरं काहीच चालत नाही अशा मशीनची. सल्ला पुढे सांगताना नेमकी हीच अट गळून पडते.

आता तुमचे १४ जीबी. बफर पूलला जो आकडा द्याल, त्यापेक्षा साधारण १० टक्के जागा तो जास्त घेतो, कारण पानांच्या नोंदी ठेवायलाही मेमरी लागते. म्हणजे झाले १५.४ जीबी. मग जावाला काय उरलं, लिनक्सला काय उरलं? रॅम संपली आणि सोडवायला काहीच राहिलं नाही, की लिनक्स सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो. तुमच्याकडे ती मायएसक्यूएलच असणार. कर्नलच्या लॉगमध्ये त्या रात्रीची वेळ काढा. ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ अशी ओळ सापडली तर शंका संपली. त्याच वेळेला बॅकअप किंवा महिन्याचा रिपोर्ट लावलेला आहे का, तेही ताडून बघा.

हिशोब उलट्या बाजूने करायचा. १६ मधून जावाचे ४ काढा (तुमचा हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, यापेक्षा मोठा असेल तर तेवढे), लिनक्स आणि बॅकअपसाठी २ ठेवा. उरले १०. त्यातला एक कनेक्शनसाठी राखून ठेवा. राहिले ९, आणि ८ जीबीचा पूल प्रत्यक्षात ८.८ घेतो. बसलं. यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही, ‘सेट पर्सिस्ट’ या आदेशाने चालू सर्व्हरवरही आकडा बदलतो आणि पुढच्या वेळेसाठी टिकतो. फक्त गर्दी नसताना करा, कारण पूल लहान करताना चालू व्यवहार संपायची वाट बघावी लागू शकते.

कनेक्शनचं मी मुद्दाम वेगळं सांगतो, कारण तुमच्या सेटिंगमध्ये मला जास्त भीती तिथली वाटते. तुम्ही सॉर्ट बफर (नोंदी क्रमाने लावायला लागणारी मेमरी) ६४ एमबी आणि मॅक्स कनेक्शन्स ५०० केलं आहे. बफर पूल अख्ख्या सर्व्हरचा एकच असतो, सॉर्ट बफर मात्र प्रत्येक कनेक्शनचा वेगळा. अलीकडच्या आवृत्त्यांत तो लागेल तसा वाढतो, पण २०० जणांनी एकाच वेळी मोठी यादी क्रमाने मागितली तर २०० गुणिले ६४, म्हणजे साडेबारा जीबी. मूळ आकडा २५६ केबी आहे. तोच परत ठेवा, आणि एखाद्या जड रिपोर्टला जास्त हवं असेल तर त्या रिपोर्टच्या सेशनपुरतं वाढवा. जॉइन बफरचंही (दोन टेबलं जोडताना लागणाऱ्या मेमरीचंही) तेच. जॉइन हळू चालतं म्हणून बफर वाढवणारे बरेच दिसतात, पण तिथे बहुतेक वेळा हवा असतो इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधून देणारी सूची. आधी क्वेरी कशी चालते ते दाखवणारा ‘एक्स्प्लेन’ आदेश लावून बघा.

रॅम वाढवायच्या आधी मोजा, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो, त्यामागे एक अनुभव आहे. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका आडत्यांचा सर्व्हर माझ्याकडे होता. पहाटे माल उतरतो, सौदे होतात आणि शेतकऱ्याला विक्रीच्या हिशोबाची पट्टी द्यायची असते. वजन, दर, हमाली, तोलाई टाकून दिवाणजी प्रिंटचं बटण दाबायचे आणि पडद्यावर गोल फिरत राहायचं. खिडकीबाहेर रात्रभर प्रवास करून आलेला माणूस हातात वजनाची चिठ्ठी घेऊन उभा. हे रोज सकाळी अर्धा-पाऊण तास, मग सगळं सुरळीत. मी रॅम ८ ची १६ केली, पूल दुप्पट केला. काडीचा फरक पडला नाही.

शेवटी एका पहाटे जाऊन बसलो. गाळा उघडला, पोऱ्याने मेन स्विच वर केला आणि सर्व्हरची पंखी फिरायला लागली. रात्री गाळा बंद करताना ते मेन स्विचच पाडत होते! म्हणजे पूल रोज सकाळी रिकामा. साधी हार्ड डिस्क अशी विखुरलेली पानं सेकंदाला शंभरेक वाचते. एक पान १६ केबीचं, १ जीबीत ६५,५३६ पानं, म्हणजे जवळपास अकरा मिनिटं. कामाला लागणारा तीन-साडेतीन जीबी डेटा वर यायला अर्धा-पाऊण तास लागणारच. शिवाय नीट बंद न झाल्यामुळे रोज क्रॅश रिकव्हरी, म्हणजे अर्धवट राहिलेल्या नोंदींची दुरुस्ती, वेगळी. मायएसक्यूएल बंद होताना पूलमध्ये कोणती पानं होती त्याची यादी लिहून ठेवतं आणि सुरू होताना ती पानं परत आणतं, पण ती यादी लिहायला त्याला नीट बंद व्हावं लागतं. मेन स्विच पाडल्यावर कुठली यादी! मग रात्री गाळा बंद व्हायच्या आधी सर्व्हर आपोआप शटडाउन होईल असं लावलं, पूलमधल्या किती पानांची यादी ठेवायची ते प्रमाण मूळ २५ टक्क्यांवरून ७५ केलं, आणि सुरू व्हायची वेळ पहिल्या गाडीच्या अर्धा तास आधी आणली. पट्टी लगेच निघायला लागली. सांगायला लाज वाटते, पण वाढवलेली रॅम तिथे लागतच नव्हती.

म्हणून तुमच्याकडेही ८ जीबी पुरतात का ते असं बघा. गर्दीच्या वेळी ‘शो ग्लोबल स्टेटस’मधला इनोडीबी बफर पूल रीड्स हा आकडा लिहून घ्या, दहा मिनिटांनी परत घ्या, आणि फरकाला ६०० ने भागा. सेकंदाला एवढ्या वेळा पान पूलमध्ये न मिळाल्यामुळे डिस्कवर जावं लागलं. ९९ टक्के हिट रेशोवर (शंभरातल्या ९९ मागण्या पूलमधूनच भागल्या यावर) समाधान मानू नका. सेकंदाला एक लाख मागण्या असतील तर उरलेला एक टक्का म्हणजे हजार वेळा डिस्क, आणि साध्या हार्ड डिस्कला ते झेपत नाही. २२ जीबी डेटा आहे म्हणून २२ जीबी रॅम लागते असंही नाही, कारण बिलिंगमध्ये रोज हात लागतो तो गेल्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदींना. गाळ्यावर आजचा माल, बाकीचा गोडाऊनमध्ये.

हा फरक सेकंदाला पाच-दहाच्या आत असेल तर मेमरीचा विषय सोडा आणि हळू चालणाऱ्या क्वेरींची नोंद ठेवणारा स्लो क्वेरी लॉग चालू करा. शेकड्यांत असेल तर जावाचं ॲप्लिकेशन दुसऱ्या मशीनवर हलवता येतं का बघा. ते हललं की याच मशीनवर पूल ११-१२ जीबीपर्यंत नेता येईल. दोन्ही वेळचे आकडे आणि डिस्क कुठली आहे ते इथे लिहा, मी बघतो.