रेड 5 मध्ये रीबिल्ड चालू असताना दुसरी डिस्क गेली, आता काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 4 टीबीच्या चार डिस्क, लिनक्सवर एमडीचा (लिनक्समधल्याच सॉफ्टवेअरचा) रेड 5, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा अ‍ॅरे (डिस्कचा गट), त्यातली डी (चौघींना ए, बी, सी, डी म्हणू) कधीतरी बाहेर पडली होती ते दोन महिन्यांनी लक्षात आलं, नवी डिस्क लावून रीबिल्ड (हरवलेला डेटा नव्या डिस्कवर परत भरणं) सुरू केलं आणि 60 टक्क्यांवर बी ने पण मान टाकली. आता अ‍ॅरे उभाच राहत नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की एमडीएडीएमची (एमडी हाताळायच्या टूलची) क्रिएट कमांड परत मारा नाहीतर एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्त करणारं टूल) चालवून बघा.

दोन्ही करू नका, कृपया. आधी मशीन शांतपणे बंद करा, प्रत्येक डिस्कवर मार्करने लिहा कुठल्या पोर्टला कुठली होती, सीरियल नंबरसकट. लिनक्समधली एसडीए-एसडीबी ही नावं बूट झाल्यावर बदलू शकतात, सीरियल नंबर बदलत नाही.

क्रिएटला एवढा का घाबरतो ते सांगतो. ती कमांड जुना अ‍ॅरे शोधत नाही, नवीन बनवते, जुन्या सुपरब्लॉकवर (डिस्कवरची अ‍ॅरेच्या माहितीची नोंद) नवा लिहिते. डिस्कचा क्रम, चंक साइज (एका डिस्कवर सलग जाणाऱ्या तुकड्याचा आकार), डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो) यातलं एक जरी चुकलं तरी आतलं सगळं विस्कटलेलं दिसतं, आणि ही डिफॉल्ट मूल्यं एमडीएडीएमच्या व्हर्जनप्रमाणे बदललीयत, चंक पूर्वी 64 केबी असायचा, आता 512 आहे. माझ्या ओळखीत एकांनी आधीच बाहेर पडलेली जुनी डिस्क आत धरून क्रिएट मारलं, वरून अझ्यूम-क्लीन (सिंक करू नको असं सांगणारा पर्याय) द्यायचं राहिलं, म्हणजे ताबडतोब सिंक सुरू झालं आणि शेवटच्या डिस्कवर चुकीचा हिशोब लिहिला जात राहिला. माझ्याकडे ते आले तेव्हा तीन तास झाले होते. त्या डिस्कवर तेवढ्या भागात जे होतं ते गेलं ते गेलंच. तोपर्यंत सगळं वाचवता आलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुमच्या केसमध्ये नेमकं काय झालंय ते बघू, कारण परिस्थिती वाटते तेवढी वाईट नाहीये. रेड 5 मध्ये प्रत्येक पट्ट्यात तीन तुकडे डेटाचे आणि एक पॅरिटीचा, पॅरिटी म्हणजे बाकीच्या तिघांचं एक्सॉर. तीन बिट 1, 0, 1 असतील तर पॅरिटी 0, मधलं हरवलं तर उरलेल्या 1, 1, 0 वरून परत 0 निघतं. एक हरवलं तर चालतं, दोन हरवली तर गणित सुटत नाही. पण तुमची बी खरंच हरवलीय का? बहुतेक वेळा नसते. डेस्कटॉपची साधी डिस्क खराब सेक्टरवर अडकली की मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ परत परत वाचायचा प्रयत्न करत बसते, लिनक्सचा कर्नल मात्र 30 सेकंदांत कंटाळून तिला रीसेट करतो, आणि त्या गडबडीत एमडी तिला बाहेर काढतं. म्हणजे चार-पाच सेक्टरपायी अख्खी डिस्क मेली असं दिसतं. रीबिल्डमध्येच हे होतं कारण तेव्हाच उरलेल्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले कोपरे पण. दर महिन्याला चेक चालवला असता तर हे सेक्टर डी शाबूत असतानाच सापडून पॅरिटीवरून दुरुस्त झाले असते.

स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 197 नंबरचा आकडा बघा, करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर. तो थोडासाच असेल तर मी म्हणतो तीच गोष्ट. 197 शून्य आणि 199 (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका) वाढलेला असेल तर डिस्कपेक्षा केबलवर संशय घ्या, केबल बदला. आणि बी टकटक आवाज करत असेल किंवा फिरतच नसेल तर पुढचं काही वाचू नका, वीज काढा, ते क्लीनरूमवाल्यांचं काम आहे. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, आत पाणी धरतं.

मग एमडीएडीएमचं एक्झामिन पाचही डिस्कवर चालवा, ते फक्त वाचतं, आणि इव्हेंट्सचा आकडा (अ‍ॅरेत बदल होत गेले की वाढत जाणारा) लिहून काढा. सगळी मेख या आकड्यात आहे. समजा ए आणि सी वर 48210, बी वर 48197, डी वर 31022. याचा अर्थ बी अगदी शेवटी पडली, आणि ती पडल्यावर अ‍ॅरेच बंद पडला म्हणून तिच्याशिवाय पुढे काही लिहिलंच गेलं नाही, तिचा डेटा ताजा आहे. डी मात्र दोन महिने जुनी. आणि लोक नेमकं इथेच चुकतात, डी चांगली चालतेय, आवाज नाही, स्मार्ट स्वच्छ, म्हणून तिला जबरदस्तीने आत घेतात आणि आजारी बी ला बाहेर ठेवतात. मग फाइलसिस्टिमचे काही तुकडे आजचे, काही दोन महिन्यांपूर्वीचे, त्यावर एफएससीके चालवलं की ते बिचारं जे जुळत नाही ते सगळं काढून टाकतं. तर आत घ्यायच्या ए, बी, सी. डी आणि अर्धवट भरलेली नवी डिस्क दोन्ही बाजूला, पण पुसू नका, दोन्ही.

बी वरून थेट काही करू नका, आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. मॅपफाइल द्यायला विसरू नका, तिच्यामुळे मध्ये थांबलं तरी पुढे सुरू करता येतं आणि कुठले सेक्टर वाचता आले नाहीत ते कळतं. पहिली फेरी स्क्रेपिंगशिवाय, म्हणजे सहज येणारं आधी उचलायचं, अडलेल्या जागी डोकं आपटायचं शेवटच्या फेरीत. सेकंदाला 150 एमबी मिळाले तर 4 टीबीला साडेसात तास, पण आजारी डिस्कला दोन दिवसही लागतील, लागू द्या. जमत असेल तर ए आणि सी च्या पण कॉपी घ्या, डिस्क विकत घ्यायला लागल्या तरी.

नंतर कॉपीवर पण थेट नाही, डिव्हाइस मॅपरचं स्नॅपशॉट लावा, म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या स्पार्स फाइलमध्ये जातं, मूळ डिस्कला धक्का लागत नाही. त्या ओव्हरलेवर (म्हणजे या स्नॅपशॉटवर) ए, बी ची कॉपी आणि सी घेऊन असेंबल (आहे तोच अ‍ॅरे परत जोडणं), फोर्ससकट. माउंट करताना फक्त रीड-ओन्ली, ईएक्सटी4 असेल तर नोलोड, एक्सएफएस असेल तर नोरिकव्हरी, नाहीतर रीड-ओन्लीमध्येसुद्धा जर्नलमधले (फाइलसिस्टिमच्या नोंदवहीतले) अर्धवट राहिलेले बदल लिहायला जातं. फोल्डर दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, एखादी 10 एमबीपेक्षा मोठी फोटोची फाइल पूर्ण उघडून बघा, कारण 512 केबीचा चंक आणि तीन डेटा तुकडे म्हणजे दीड एमबीत एक पट्टा संपतो, छोटी फाइल एकाच डिस्कवर बसून नशिबाने उघडू शकते, मोठी उघडली तरच क्रम बरोबर. मग सगळं बाहेर कॉपी करा, महत्त्वाचं आधी.

आणि बी चे जे सेक्टर नाहीच आले, तिथे डी उपयोगी पडते, म्हणून पुसू नका म्हटलं. ज्या पट्ट्यात गेल्या दोन महिन्यांत काही लिहिलं गेलं नाही तिथे जुनी डी अजून खरीच आहे, ए, सी, डी वरून बी चा तुकडा हिशोबाने काढता येतो. हे हाताने करावं लागतं, वेळखाऊ आहे, पण जुने फोटो-व्हिडिओ असतील तर बहुतेक याच पट्ट्यांत असतात.

बी ची कॉपी संपली की पाचही डिस्कचे इव्हेंट्सचे आकडे आणि मॅपफाइलमध्ये किती बाइट उरले ते इथे टाका, असेंबल करायच्या आधी. त्यावरून डी ला हात लावायची वेळ येते का ते बघू.