प्रश्न: मी बारावीत आहे. पतसंस्थेत माझं बचत खातं आहे. त्यांच्या शिष्यवृत्तीला अर्ज करू का? घरचे म्हणतात, दोन हजारांसाठी कुणापुढे हात कशाला पसरायचा?

उत्तर: नुसत्या खात्यावर शिष्यवृत्ती मिळत नाही. खातं उघडताना बहुतेक ठिकाणी नाममात्र सभासद करून घेतात. त्याला ना मत, ना नफ्यात वाटा. आणि तू बारावीत आहेस, १८ पूर्ण नसतील तर सभासदही होता येणार नाही. अर्जावर 'सभासद पाल्य' असं असतं ते त्यामुळेच. आईच्या किंवा वडिलांच्या नावावर शेअर्स आहेत का ते आधी बघ.

पण मी लिहायला बसले ती तुझ्या शेवटच्या वाक्यासाठी.

माझी आई पगारदारांच्या एका पतसंस्थेची सभासद होती. दर महिन्याला पगारातून वर्गणी कापली जायची. दहावीला मला ८४ टक्के पडले. गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडून अर्ज दिला, तो तीन आठवड्यांनी परत आला. कोपऱ्यात लाल शाईत दोनच शब्द होते, 'जामीनदार, थकीत'. आई एका सहकाऱ्याला जामीन राहिली होती आणि त्याचे हप्ते थकले होते. तिचं स्वतःचं एक रुपयाचंही कर्ज नव्हतं.

तिने संस्थेत जाऊन शिष्यवृत्तीची नियमावली आणि पोटनियम बघायला मागितले. पोटनियम, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, बघायचा सभासदाला हक्क आहे, महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम ३२. जेवणाच्या सुट्टीत दोन दिवस बसून तिने नियम वहीत उतरवून घेतला. त्यात 'थकबाकीदार सभासद' एवढंच होतं, जामीनदाराचा उल्लेखच नव्हता.

वार्षिक सभेत हे मांडायचं तिने ठरवलं. मोठे काका घरी येऊन म्हणाले, "पाचशे रुपयांसाठी बाईमाणसाने सभेत उभं राहायचं? शोभतं का?" आई काही बोलली नाही. रविवारी इस्त्रीची साडी नेसून सभेला गेली, मला बरोबर घेऊन.

'ऐनवेळचे विषय' आले तेव्हा निम्मा हॉल चहाकडे निघाला होता. आईचा हात थरथरत होता, माइकमधून वहीच्या पानाचा आवाज येत होता. तिने नियम वाचून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, उद्या ऑफिसात या, बोलू." आई म्हणाली, "उद्या नको. आत्ताच इतिवृत्तात घ्या." पुढच्या महिन्यात चेक आला. माझ्यासारखे अर्ज परत गेलेल्या आणखी दोन मुलांनाही मिळाला.

काका अजूनही लग्नकार्यात तो विषय काढतात. त्यांना सांगते तेच तुला सांगते. हा हात पसरणं नव्हे. पतसंस्थेला नफा होतो तो सभासदांच्या वर्गणीतून दिलेल्या कर्जांच्या व्याजातून. त्यातला किमान २५ टक्के राखीव निधीला जातो, लाभांश सहसा शेअर्सच्या रकमेच्या १५ टक्क्यांवर देता येत नाही, आणि उरलेल्यातून सभा मंजूर करेल त्या निधीतून हे पैसे येतात. म्हणजे आईने आईचेच पैसे मागितले होते. यात लाज कसली?

माझा राग आहे तो काही संस्था शिष्यवृत्तीला घालतात त्या ९० टक्क्यांच्या अटीवर. ज्याची फी अडली आहे त्याला ६५ टक्के असले तरी द्यायला हवेत. सत्कारातल्या शाल, श्रीफळ आणि ट्रॉफीचा खर्च वाचवला तर दोन मुलांची पुस्तकं येतील.

हे मात्र लक्षात ठेव की नियम संस्थेगणिक वेगळे असतात. काही ठिकाणी थकीत कर्जाचा जामीनदारही स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो, तिथे वाद घालून उपयोग नाही. शिष्यवृत्ती द्यायलाच हवी असं बंधनही कुठल्या संस्थेवर नसतं.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. अर्ज भर, पोचपावतीवर शिक्का घे. नाकारलाच तर कारण लेखी माग आणि सभेला आईबरोबर तूही जा. माझ्या आईची ती वही माझ्याकडे आहे. नियमाखाली तिने पेन्सिलीने दोनदा रेघ मारली आहे.