घड्याळातल्या ३१० कॅलरींचं काय करायचं?

प्रश्न: मी आठवड्यातून तीनदा फार्मर्स वॉक करतो. दोन्ही हातात २४-२४ किलोच्या केटलबेल (कडी असलेली लोखंडी वजनं) घेऊन चालायचं, ४० मीटरच्या ६ फेऱ्या, मधे दम खात खात सगळं मिळून २५ मिनिटं जातात. वजन ७० किलो. घड्याळ म्हणतं ३१० कॅलरी जळल्या. खरंय का हे?

उत्तर: खरं सांगू का, आकडा बराच फुगलाय. आधी बघा, वजन हातात घेऊन तुम्ही चालता किती? ताशी साडेचार किलोमीटरच्या चालीने ४० मीटरला ३२ सेकंद, म्हणजे ६ फेऱ्या मिळून जेमतेम सव्वातीन मिनिटं, बाकीचा वेळ कमरेवर हात ठेवून धापा टाकण्यात जातो :)

ओझं घेऊन चालायला किती ऊर्जा लागते याचं एक सूत्र १९७७ पासून वापरात आहे, पँडॉल्फ नावाच्या संशोधकाचं. ते लष्करी संशोधनातून आलंय, म्हणजे डोक्यात पाठीवरची सॅक धरून. त्यात तीन तुकडे असतात. तुमचे आकडे घातले तर नुसतं उभं राहायला १०५ वॅट, ओझं सांभाळायला १११ आणि सपाटीवर ते सगळं घेऊन चालायला २७७, एकूण ४९३ वॅट. याला ०.८६ ने गुणलं की तासाच्या ४२४ कॅलरी, म्हणजे मिनिटाला ७. सव्वातीन मिनिटांचे झाले २३! हातातलं वजन पाठीवरच्यापेक्षा महाग पडतं म्हणून थोडे वाढवा, विश्रांतीत दम भरून येईपर्यंत मिनिटाला अडीच-तीन धरा, तरी सगळं मिळून शंभरच्या आतबाहेरच राहतं. त्यातल्या २९-३० तर तुम्ही नुसते खुर्चीत बसला असतात तरी गेल्याच असत्या.

गंमत त्या मधल्या तुकड्यात आहे. ओझं भागिले शरीराचं वजन, याचा वर्ग होतो तिथे, त्यामुळे केटलबेल अर्ध्या वजनाच्या घेतल्या तर १११ चे निम्मे होत नाहीत, थेट २२ वर येतात.

मग घड्याळ का चुकतं? ते हृदयाच्या ठोक्यांवरून अंदाज बांधतं, आणि मूठ घट्ट आवळून धरली की बीपी आणि ठोके दोन्ही चढतात पण ऑक्सिजन काही त्या प्रमाणात खर्च होत नाही, वर मनगटाचे स्नायू ताठ झाल्यामुळे सेन्सरही गडबडतो. (बीपीचा त्रास असेल तर श्वास रोखून चालू नका, आणि एवढं वजन उचलायचं की नाही ते डॉक्टरांना आधी विचारा.)

माझं मत विचाराल तर या व्यायामात कॅलरी मोजूच नका, वहीत वजन आणि मीटर लिहा. कॅलरीच जाळायच्या असतील तर हलकी सॅक पाठीला लावून पाऊण तास चाला, तिथे हे सूत्र बऱ्यापैकी बरोबर बसतं. आणि छातीचा पट्टा घेऊ का असं पुढचं पत्र लिहिणार असाल तर आत्ताच सांगते, त्याने ठोके अचूक मोजले जातील, पण मुठीमुळे वाढलेले ठोकेसुद्धा तितकेच अचूक मोजले जातील.