खुर्द्याची गणती

प्रिय,

तुझी कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा एका बैठकीत, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सैनिकाबद्दल अगदी मनापासून लिहिलंय, तरी कुठंतरी पोकळ वाटतंय आणि ती जागा सापडत नाही, असं तू कळवलंस. मला ती सातव्या पानावर सापडली. तिथं वाक्य आहे, 'हसत हसत त्यानं मृत्यूला कवटाळलं.' समासात मी एवढंच लिहिलंय : कुणी पाहिलं?

तुझ्याच कथेत त्या वेळी त्याच्याजवळ कुणी नाही. मग हे हसू आलं कुठून? भाषणांतून आलं, फलकांवरून आलं. लहानपणापासून आपल्या सगळ्यांच्या कानांवर तेच पडतं, म्हणून लिहिताना हातातून आपोआप उतरतं. तुला दोष देत नाही, पण ते वाक्य काढावं लागेल.

पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेला सावकारी भाषेतला निरोप तू ऐकला असशील. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. शाळेत असताना मला त्या निरोपातलं चातुर्य फार आवडायचं. वय वाढलं तसा त्यातला शेवटचा शब्द टोचायला लागला. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जे उपासमारीनं खंगलेल्या अंगानं लढायला उभे राहिले, ते सगळे मिळून खुर्दा. युद्धावर लिहिणाऱ्याचं काम मला इथून सुरू होताना दिसतं. त्या खुर्द्यातलं एक नाणं उचलायचं, उजेडात धरायचं आणि त्यावरची झीज नीट पाहायची.

हे कसं करतात ते रेमार्कच्या १९२९ च्या 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या जर्मन कादंबरीत बघ. त्यात बुटांचा एक जोड आहे. मऊ कातड्याचा, उंच, वैमानिकाचा. तो केमेरिख नावाच्या पोराकडे असतो. केमेरिखचा पाय कापलाय, तो इस्पितळात मरणपंथाला लागलाय, आणि भेटायला आलेला त्याचा वर्गमित्र म्युलर ते बूट मागतो. पहिल्यांदा वाचताना म्युलरचा राग येतो. मग लक्षात येतं की म्युलर निष्ठुर नाही. चिखलात चांगले बूट म्हणजे काय, हे त्याला कळतं, आणि केमेरिखला त्यांचा आता उपयोग नाही हेही. पुढे म्युलरच्या पोटात जवळून झाडलेली प्रकाशगोळी लागते आणि बूट कथानायक पॉलकडे येतात. आपल्यानंतर ते कुणाला द्यायचे, हे पॉलनं आधीच सांगून ठेवलंय. किती माणसं गेली हे रेमार्क मोजून दाखवत नाही. आपण नकळत बुटांवरून मोजायला लागतो. तुझ्या कथेत अशी एकही वस्तू नाही. एके ठिकाणी 'बंदूक' आहे, पण ती नुसता शब्द आहे, तिला वजन नाही.

वजनावरून सांगतो. तुझ्या वयाचा असताना मीही एक युद्धकथा लिहिली आणि मोठ्या हौसेनं एका निवृत्त सुभेदारांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली. शेवटी म्हणाले, "बरी आहे. पण पोरं झोपली कधी?" मी कागद चाळले. माझ्या कथेत चार दिवस, चार रात्री कुणी झोपलंच नव्हतं, आणि ते मला ठाऊकही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पाय ओले होते की कोरडे?" त्या दोन प्रश्नांनी मला जे शिकवलं ते कुठल्या वर्गात मिळालं नाही. झोप, पाय, तहान, शौचाला जायची भीती. शौर्यसुद्धा याच शरीरातून जातं. व्हिएतनामला लढून आलेल्या टिम ओब्रायननं १९९० च्या पुस्तकात शिपायांनी अंगावर काय काय वागवलं याची यादीच दिली आहे, वजनांसकट. एका अधिकाऱ्यानं जपलेल्या एका मुलीच्या पत्रांचंही वजन त्यात आहे.

आता तुझ्या कथेतली खरी उणीव. त्याच्यावर काय ओढवलं ते तू लिहिलंयस. त्याच्या हातून काय घडलं ते टाळलंयस. समोरचे 'शत्रू' तुझ्याकडे भराभर पडतात आणि वाक्य संपतं. रेमार्कच्या कादंबरीत एका खड्ड्यात पॉल एका फ्रेंच शिपायाला भोसकतो, आणि मग तो माणूस लगेच मरत नाही. कित्येक तास. पॉल त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो. नंतर त्याच्या खिशातल्या पाकिटात बायको-मुलीचे फोटो निघतात. तो छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार असतो. 'शत्रू' या शब्दाला एवढ्या जवळून पाहिल्यावर काय उरतं, ते पॉलबरोबर आपल्यालाही भोगावं लागतं. युद्धाची किंमत फक्त मेलेले मोजत नाहीत. ज्यांनी मारलं आणि जे जगले, त्यांचाही हप्ता आयुष्यभर चालू राहतो.

हे काही विसाव्या शतकात कुणाला नव्यानं सुचलेलं नाही. आपण महाभारत वाचताना भीष्मपर्वात रमतो आणि स्त्रीपर्व घाईनं उलटतो. तिथं गांधारी रणभूमी पाहते. भूरिश्रव्याची पत्नी त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसलीय. आणि जिंकलेल्या युधिष्ठिराला कळतं की कर्ण आपला थोरला भाऊ होता. पुढे शांतिपर्वाच्या आरंभी तो राज्यच नको म्हणतो. विजयानंतरचा हा विटाळ व्यासांनी लपवला नाही. तिकडे ग्रीकांच्या ओडिसीत भाट ट्रॉयचं गाणं गातो तेव्हा विजेता ओडिसियस अंगरख्यात तोंड लपवून रडतो. नंतर तो स्वतःच लाकडी घोड्याचं गाणं मागतो आणि पुन्हा रडतो. कवी म्हणतो, जिचा नवरा आपलं शहर राखताना पडला आणि जिला मागून भाले टोचून गुलामीत नेताहेत, त्या बाईसारखा रडतो. नगर बुडवणाऱ्याच्या रडण्याला बुडालेल्या नगरातल्या विधवेची उपमा! मी ही ओळ कितीदा वाचली असेल, अजून पुढे जायला वेळ लागतो.

परत आलेल्या माणसाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, कारण तुझा जवान परत येत नाही. तरी हेमिंग्वेची 'सोल्जर्स होम' वाच. क्रेब्ज घरी येतो तेव्हा सत्कार आटोपलेले असतात. लोकांनी इतक्या भयंकर कहाण्या ऐकल्यात की आपलं ऐकून घ्यावं म्हणून त्याला खोटं सांगावं लागतं. दोनदा खोटं बोलल्यावर त्याला युद्धाचीच नव्हे, बोलण्याचीही किळस येते. आवाज न चढवता लिहिलेली आठ-दहा पानं आहेत, पण ऐकणारेही सैनिकाकडून काय हिरावून घेतात हे त्यात आहे. तुझं ते सातव्या पानावरचं वाक्य ऐकणाऱ्यांना हवं असलेलं वाक्य आहे.

पहिल्या महायुद्धात इथून १० लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले. फ्रान्समधून त्यांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर वाचत असे, म्हणून काहींनी सांकेतिक भाषा वापरली : काळी मिरी संपत आलीय, आता तांबडी वापरताहेत. काळी म्हणजे आपली माणसं, तांबडी म्हणजे गोरी. पानिपतच्या निरोपात इतरांनी शिपायाला खुर्दा म्हटलं; इथं शिपायानंच स्वतःला मिरी म्हटलं, ते मात्र घरच्यांना खरं कळावं म्हणून. त्याच युद्धावर चंद्रधर शर्मा गुलेरींनी १९१५ मध्ये 'उसने कहा था' लिहिली. लहनासिंग सोबत्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो, लहानपणची एक मुलगी आठवत. त्यानंतर गुलेरी फक्त वर्तमानपत्रातल्या मृतांच्या यादीतली एक ओळ देतात : क्रमांक, पलटण, नाव. पूर्ण माणूस आधी दाखवला, म्हणून ती कोरडी ओळ सोसवत नाही.

तू विचारलंस, असं लिहिणं सैनिकाचा अपमान तर नाही? इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेननं विषारी वायूनं गुदमरणाऱ्या शिपायावर लिहिलं, तेही युद्धाच्या धक्क्यावर उपचार घेत असताना. मग तो आघाडीवर परत गेला, शौर्यपदक मिळवलं, आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धबंदी व्हायला एक आठवडा असताना, मारला गेला. त्याच्या घरी तार पोचली ११ नोव्हेंबरला, गावात शांततेच्या घंटा वाजत असताना. सैनिकाचा अपमान म्हणजे काय, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

फक्त एक सांभाळ. फलक काढून त्या जागी नुसतं रडगाणं ठेवू नकोस. खंदकात थट्टामस्करीही चालते, एकमेकांवर जीवही जडतो. काहींना तर त्या दिवसांची पुढे हुरहुर लागते. तेही येऊ दे.

तुझ्या अकरा पानांत तो 'जवान' म्हणूनच येतो, एकोणीस वेळा, मी मोजलं. त्याला नाव नाही. आधी ते ठरव. मग त्याच्या बुटांत पाय ओले आहेत की कोरडे ते ठरव, आणि सातव्या पानाच्या आदल्या रात्री तो किती तास झोपला ते. एवढं झालं की पाठव, मी वाट पाहतो.

तुझा,
सर